मद, माज आणि मस्त

कुंभकोणम्‌च्या आदिकुंभेश्वराच्या देवळात जाणाऱ्या भाविकाला देवाच्या आधी मंगलम् नावाच्या हत्तिणीचे दर्शन घडते. आणि सोंडेच्या टोकावर ठेवलेले नाणे माहुताच्या हवाली करून तीच सोंड ती जेव्हा भाविकाच्या मस्तकावर अलगद टेकवते, तेव्हा क्षणभर डोळे मिटून घेण्याची चाल असल्यामुळे, तिच्या डोळ्याच्या आणि कानाच्या बरोबर मधोमध असलेली एक बारीक चीर बहुतेकांच्या नजरेतून निसटते. करड्या, सुरकुतलेल्या, विभूतीच्या पट्ट्यांनी रेखलेल्या त्या कातडीत ती चीर म्हणजे आणखी एक सुरकुतीच वाटावी. परंतु आपल्या भाषेतले निदान वीसपंचवीस शब्द, संस्कृत काव्यातल्या उपमांचा एक मोठा साठा, आणि शरीरातला एखादा द्रव प्राण्याच्या वर्तनावर स्वामित्व गाजवू शकतो हा जो विचार विसाव्या शतकात शास्त्र म्हणून मान्यता पावला त्याचे आपल्याकडचे अतिप्राचीन टिपण, ही सारी त्या चिरेतून स्रवलेली आहेत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या चिरेच्या आत एक ग्रंथी असते. हत्तिणीच्या बाबतीत ती बहुधा निमूट राहते. नर वयात आला म्हणजे मात्र बहुधा वर्षातून एकदा, कधी काही आठवडे तर कधी दोन-तीन महिने, तिच्यातून काळसर, उग्र वासाचा स्राव गालावरून तोंडापर्यंत ओघळू लागतो, मूत्र थेंबथेंब गळत राहते, कान ताठ होतात, अन्नावरची वासना उडते, आणि ज्याने त्याला दहा वर्षे नदीवर नेऊन घासून अंघोळ घातली तो माहूतही त्या दिवसांत त्याला परका होतो. तमिळनाडूच्या देवळांतून बहुतेक ठिकाणी हत्तिणीच बाळगल्या जातात, याचे एक मोठे कारण हेच. शेजारच्या केरळात उत्सवाला सुळेवाला नरच लागतो, म्हणून तिकडच्या हत्तीवाल्यांना प्रत्येक हत्तीच्या 'मदप्पाडा'चे महिने लक्षात ठेवून उत्सवांची नेमणूक करावी लागते, आणि त्या काळापुरता हत्ती साखळदंडाने एकीकडे बांधून ठेवावा लागतो.

तमिळ माणूस या अवस्थेला 'मदम्' म्हणतो. तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर असल्यामुळे संस्कृतातले 'मत', म्हणजे पंथ वा धर्म, आणि संस्कृतातलाच 'मद', हे दोन्ही त्या भाषेत जाऊन लिहिण्यात आणि उच्चारात एकरूप झाले आहेत. तेव्हा एखाद्याला 'मदम्' चढले असे म्हटले म्हणजे त्याला धर्म चढला की हत्तीचा मद चढला हे ऐकणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवावे. या श्लेषावर तमिळ वक्ते पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या घेत आले आहेत. त्यावर अधिक भाष्य करण्याचे प्रस्तुत लेखकाला कारण दिसत नाही.

कुंभकोणम् या गावाच्या नावातला कुंभ हा प्रलयाच्या पाण्यात तरंगत आलेला अमृताचा कुंभ. किरातवेषधारी शंकराने बाण मारून तो जेथे फोडला ते हे क्षेत्र, असे स्थलपुराण सांगते. पण हत्तीच्या कपाळावर जे दोन उंचवटे असतात त्यांनाही संस्कृतात कुंभच म्हणतात, आणि त्यावरून हत्तीला 'कुंभी' हे नाव आहे. नावापुरता हा योगायोग असेल. चार किलोमीटरांवरच्या दारासुरम्‌ला मात्र योगायोग म्हणता येत नाही. तिथले ऐरावतेश्वराचे देऊळ बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधले, आणि ते थेट इंद्राच्या हत्तीच्या नावाने ओळखले जाते. दुर्वासाने दिलेली माला इंद्राने ऐरावताच्या मस्तकावर ठेवली, ऐरावताने ती सोंडेने ओढून जमिनीवर टाकली, आणि पुढे शाप, श्रीभ्रंश आणि समुद्रमंथन ही मालिका सुरू झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. विष्णुपुराणकाराने तीत घातलेला तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. ऐरावताचे डोळे त्या वेळी मदाने अंधारलेले होते आणि मालेच्या वासाने तो खेचला गेला होता, असे पुराणकार स्पष्ट म्हणतो. म्हणजे अपराध ऐरावताच्या उद्दामपणाचा नव्हता. त्याच्या गंडस्थळातल्या ग्रंथीचा होता. दुर्वासासारख्या तापट ऋषीपुढे हा बचाव टिकला असता असे वाटत नाही. शापाने काळवंडलेला ऐरावत दारासुरम्‌च्या तीर्थात न्हाऊन पुन्हा शुभ्र झाला, असे तिथले लोक सांगतात.

आता या शब्दाचे कूळ पाहू. मूळ पुरुष 'मद्' हा धातू: हर्षित होणे, धुंद होणे. त्याचा वंशविस्तार एवढा की मदिरा, मदन, प्रमदा, उन्माद आणि प्रमाद हे सगळे एकाच घरचे. मद चढलेला तो 'मत्त'. ही झाली संस्कृत घराण्याची थोरली पाती. धाकटी पाती प्राकृतातून चालत आली: 'माद्यति' याचे 'मज्जइ' झाले, आणि त्याचे मराठीत 'माजणे'. गोठ्यात गाय 'माजावर आली' की शेतकरी वळू शोधतो किंवा हल्ली पशुवैद्याला निरोप धाडतो, आणि ही संधी हुकली तर पुढच्या माजासाठी साधारण एकवीस दिवस थांबावे लागते हे त्याला पंचांगावाचून ठाऊक असते. हाच माज माणसाच्या अंगात आला की तो उतरवण्याची भाषा सुरू होते. जनावराच्या माजात मराठी माणूस कालमान पाहतो, माणसाच्या माजात दोष पाहतो, शब्द एकच.

तिसरी पाती परदेशात वाढून परत आली. मद् धातूला 'त' लागला म्हणजे संस्कृतात 'मत्त' होते, पण इराणकडच्या भाषांत अशा ठिकाणी दोन दंत्य वर्ण एकमेकांना भिडले की पहिल्याचा 'स' होतो; म्हणून तिकडे झाले 'मस्त'. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने आपला 'बंदोबस्त' उलगडून पाहावा: त्यातला 'बस्त' हा संस्कृत 'बद्ध'चाच इराणी चुलतभाऊ आहे. तेव्हा मत्त आणि मस्त हे सख्खे चुलते-पुतणे नव्हेत, एका आजाचे नातू आहेत. आणि आपण जेव्हा 'मदमस्त' म्हणतो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी विभक्त झालेल्या दोन घरांना नकळत एका पंगतीला बसवतो.

हा नातू हिंदुस्थानात परत आला तो बादशाही पीलखान्यातून. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या हत्तींच्या सात प्रती नोंदल्या आहेत, त्यांतली पहिलीच 'मस्त' आणि दुसरी 'शेरगीर'. प्रत्येक प्रतीचा शिधा, चाकर आणि सरंजाम ठरलेला. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत पीलखाना आला, त्याबरोबर हा शब्दही आला. इंग्रजांनी तो तसाच उचलला आणि आजतागायत जगातल्या सर्व प्राणिशास्त्रज्ञांच्या लेखनात हत्तीची ही अवस्था 'मस्थ' या नावानेच वावरते. मराठीत मात्र मस्तने फार लांबचा प्रवास केला. मस्तवाल, मस्ती, मस्ती जिरवणे येथपर्यंत हत्तीची सावली त्याच्यावर होती. पुढे जेवण मस्त, झोप मस्त, हवा मस्त असे होता होता शब्द पार माणसाळला, आणि आता शाळकरी पोर आंब्याच्या फोडीला मस्त म्हणते त्या वेळी साखळदंड तोडणाऱ्या गजाची आठवण कोणालाही होत नाही.

मदाची एक पौराणिक जन्मकथाही आहे. महाभारताच्या वनपर्वात अश्विनीकुमारांना सोमाचा भाग देण्यावरून च्यवनऋषी आणि इंद्र यांचा तंटा पडला, तेव्हा च्यवनाने इंद्राच्या पारिपत्यासाठी मद नावाचा महाकाय असुर निर्माण केला. आणि इंद्र शरण आल्यावर त्या असुराची वाटणी मद्य, स्त्रिया, द्यूत आणि मृगया अशा चार ठिकाणी करून टाकली. यादी करणारा पुरुष होता हे तिच्यावरून कळतेच. मला मौज वाटते ती निराळीच: मदाचा हा जनक तोच च्यवन, ज्याचे म्हातारपण अश्विनीकुमारांनी घालवले आणि ज्याच्या नावाचा अवलेह आजही घरोघर चाटला जातो. यौवन परत मिळणे आणि मद निर्माण होणे या दोन गोष्टी एकाच ऋषीच्या खाती मांडणाऱ्याला काहीतरी उमगले असले पाहिजे. कारण १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन आपली तरुणपणाची ताकद परत आल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले, तेव्हा त्यानेही हेच सूत्र पकडले होते. त्याच्या पाण्यातल्या अर्कात कामाचे द्रव्य जवळजवळ उतरलेलेच नव्हते, हे नंतर कळले. म्हणजे त्याला आलेली ताकद निव्वळ श्रद्धेची होती.

आपल्याकडच्या गजशास्त्रकारांची दृष्टी अधिक थंड होती. पालकाप्य मुनीने अंगदेशाच्या रोमपाद राजाला सांगितलेला 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. आणि पालकाप्याच्याच नावावरचे 'गजशास्त्र' कुंभकोणम्‌पासून चाळीसेक किलोमीटरांवर, तंजावरच्या भोसल्यांनी जोपासलेल्या सरस्वती महालात चित्रांसह जपले गेले आणि १९५८ साली तमिळ भाषांतरासहित प्रसिद्ध झाले. या परंपरेने मदाच्या सात अवस्था सांगितल्या आहेत आणि त्यांची नावेच निरीक्षणाची साक्ष देतात. 'आर्द्रकपोला', म्हणजे गाल ओले झाले ती, 'गंधचारिणी', म्हणजे हत्ती वासाच्या अनुरोधाने फिरू लागला ती, मग 'क्रोधिनी', आणि शेवटची 'संभिन्नमदमर्यादा', जिच्यात मदाने सगळे बांध फोडलेले असतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'तही हे प्रकरण आहे, कारण राजेलोकांना मदाची भीती जेवढी होती तेवढीच गरज होती. युद्धात मत्त हत्ती हवा, आणि करमणुकीलाही तोच हवा.

या करमणुकीला मराठी मुलखात साठमारी म्हणत. बडोद्याला गायकवाडांच्या 'आगडा'त, म्हणजे उंच भिंतींच्या आवारात, मस्त हत्तीला डिवचून त्याच्यापुढे पळायचे आणि हत्ती शिरू शकणार नाही अशा अरुंद दारातून निसटायचे हा साठमारांचा धंदा. खंडेराव महाराजांच्या अमदानीत लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी तेथे राहिला होता. हत्तीला मस्ती यावी म्हणून त्याला तीन महिने साखर आणि लोणी चारतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हे. हत्तीच्या अंगावर चरबी असल्यावाचून मद टिकत नाही, आणि मद चढलेला हत्ती आटोक्यात आणायचा तर माहूत पहिल्यांदा त्याचा चारा तोडतो, ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. कुंभकोणम्‌चा आणि बडोद्याचा धागाही येथेच जुळतो: तंजावरकर मराठी घराण्यात, कुंभकोणम्‌ला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर आणि इंदूर येथली दिवाणगिरी आटोपून १८७५ साली बडोद्याचे दिवाण झाले, ते मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेला कारभार सावरण्यासाठी. कोल्हापुरात शाहू महाराजांनीही साठमारीचा शौक केला, आणि शहरातल्या एका जागेला ते नाव अजून चिकटून आहे.

आता पाश्चात्त्य बाजू थोडक्यात. गोटिंगेनच्या बेर्टोल्डने १८४९ साली सहा कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवले की वृषण काढलेला कोंबडा आरवत नाही, झुंजत नाही, कोंबड्यांच्या मागे लागत नाही. पण त्याच्या पोटात भलत्याच जागी वृषण बसवले तरी सगळे पूर्ववत होते. मज्जातंतू तुटलेले, नाते तुटलेले, तरी हुकूम पोचतोच. अर्थात तो रक्तातून जात असला पाहिजे. बैल बडवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातला पूर्वार्ध माहीत होताच, उत्तरार्ध बेर्टोल्डचा. त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, १९०५ साली, लंडनच्या एका व्याख्यानात अर्नेस्ट स्टार्लिंगने या रक्तवाही जासुदांना 'हॉर्मोन' हे नाव दिले, ते 'चेतवणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. मराठीने त्याला 'संप्रेरक' केले. शब्द शुद्ध आहे, पण त्याला मदासारखा वास नाही. ग्रीकांपाशीही तसा वासाचा नव्हे तरी डंखाचा एक शब्द होता: गाय उधळते ती गोमाशी चावल्याने, अशी त्यांची समजूत, म्हणून गोमाशीच्या 'ओइस्ट्रोस' या नावावरून मादीच्या माजाला नाव मिळाले आणि त्यावरून पुढे ईस्ट्रोजेन.

नराच्या वृषणातले द्रव्य हाती लागले १९३५ साली. अॅम्स्टरडॅममध्ये लाकरच्या प्रयोगशाळेने सुमारे शंभर किलो बैलांची वृषणे आटवून त्यांतून दहा मिलिग्रॅम स्फटिक काढले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव ठेवले. मग १९७२ साली श्रीलंकेतल्या पाळीव हत्तींच्या रक्ताचा हिशेब जैनुदीन, काटोंगोले आणि शॉर्ट यांनी प्रसिद्ध केला: एरवी रक्ताच्या दर मिलिलिटर द्रवात १.४ नॅनोग्रॅमच्या वर न जाणारे टेस्टोस्टेरॉन ऐन मदात ३० ते ६५ नॅनोग्रॅमपर्यंत चढलेले आढळले. प्रौढ पुरुषाच्या अंगी हे द्रव्य साधारण तीन ते दहा नॅनोग्रॅम असते. ज्याला आपल्या मस्तीचा अभिमान असेल त्याने हे आकडे जवळ ठेवावेत.

एवढ्यावरून द्रव्य राजा आणि प्राणी त्याचा प्यादा असे समजणे मात्र उतावळेपणाचे होईल. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गच्या रानात क्रूगरहून आणलेली पोरकी हत्तीची पोरे वडीलधाऱ्यांवाचून वाढली. त्यांना अकालीच मद येऊ लागला, तो लांबू लागला, आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे ठार केले. १९९८ साली सहा थोराड नर तेथे आणून सोडले. त्यांच्या नुसत्या वावराने पोरांचा मद आखूड झाला आणि गेंडे मरायचे थांबले. कोणी सुई टोचली नाही, कोणी चारा तोडला नाही. द्रव्य वर्तनाला हाकते तसे वर्तनही द्रव्याला हाकते. माणसातही तेच: फिलिपीन्सच्या सेबू शहरात सहाशेहून अधिक तरुणांची काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासणी झाली, तिचा निष्कर्ष २०११ साली असा प्रसिद्ध झाला की टेस्टोस्टेरॉन अधिक असलेले तरुण बाप होण्याचा संभव अधिक, पण बाप झाल्यावर त्यांचे टेस्टोस्टेरॉन लक्षणीय उतरते, आणि जो मुलाचे अधिक करतो त्याचे अधिक. 'लग्न करून द्या, येईल ठिकाणावर' म्हणणाऱ्या आपल्या आज्या या प्रबंधाच्या सहलेखिका म्हणून नोंदल्या गेल्या नाहीत, हे खरे.

राहिला भुंग्यांचा प्रश्न. हत्तीच्या गंडस्थळावर मधुगंधाने भुंगे घोंघावतात, तो कानांनी त्यांना वारतो, हे वर्णन संस्कृत कवींनी इतके उगाळले की शिकलेल्या वाचकाला तो केवळ कविसंकेत वाटू लागला. प्रौढ हत्तीच्या मदाचा दर्प ज्याने घेतला आहे त्याला तर ती थापच वाटेल. परंतु २००२ साली बेट्स रॅस्मुसेन, हायडी रिडल आणि तमिळनाडूच्या वनखात्यात हत्तींचे डॉक्टर म्हणून हयात घालवलेले व्ही. कृष्णमूर्ती यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की नुकत्याच वयात येणाऱ्या नराचा स्राव खरोखरच मधासारखा गोड वासाचा असतो, आणि वय वाढत जाते तसा तो दुर्गंधी होत जातो. तो गोड वास म्हणजे मोठ्या नरांना दिलेली शरणचिठ्ठी, 'मी अजून पोर आहे, माझ्या वाटेला जाऊ नका' अशी. कवी खोटे बोलत नव्हते. त्यांनी फक्त हत्तीचे वय सांगितले नव्हते.

दारासुरम्‌च्या देवळात एक लहानसे शिल्प आहे. बैल आणि हत्ती समोरासमोर भिडलेले, पण दोघांत मिळून मस्तक एकच: उजवीकडचे धड झाकले तर बैल दिसतो, डावीकडचे झाकले तर हत्ती, किंवा उभे राहाल त्या बाजूप्रमाणे उलट. शिल्पकाराने गंमत म्हणून कोरले असेल. अॅम्स्टरडॅमच्या बैलांतून निघाले ते आणि श्रीलंकेच्या हत्तींच्या रक्तात सापडले ते द्रव्य एकच आहे, हे ध्यानात ठेवून वाचकाने तिथे जावे, तळहाताने आधी एक धड झाकावे, मग दुसरे.